परसदारचे प्रश्न: आषाढात मुळांना हवा द्या

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून पाण्यापाशीच येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात साधारण ७०० च्या आसपास, आणि आपल्या कोकणातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो, मग देशावरच्या कुणाचातरी परसबागेचा व्हिडिओ बघून तसंच्या तसं इथे केलं तर झाडं कुजणारच ना. तुमचं काही चुकत नाहीये, सल्ला दुसऱ्या हवेचा आहे. म्हणून खालची उत्तरं फक्त आपल्या पावसासाठी आहेत असं समजून वाचा.

प्रश्न (लांजा): जूनमध्ये वांगी आणि मिरची लावली, छान आली होती. आता पानं पिवळी पडून गळतायत आणि दोन झाडं तर हिरवीगार असताना एका दिवसात माना टाकून बसली. दुकानातून तीन औषधं आणून फवारली, काही फरक नाही. कुठलं औषध मारू?

उत्तर: ताई, चौथं औषध आणू नका, आधी बघू काय झालंय ते. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात आणि त्या दोन वेगळ्या आहेत.

पिवळी पडणारी झाडं बहुतेक गुदमरतायत. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते आणि माती आठवडाभर पाण्याने भरलेली राहिली की हवेला जागाच उरत नाही, मुळं कुजायला लागतात, मग खत टाका नाहीतर टॉनिक मारा, वर काही चढतच नाही. एक झाड हळूच उपटून बघा, मुळं पांढरी असली तर ठीक, तपकिरी झाली असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल सुटून आत दोऱ्यासारखी शीर राहत असेल तर ही कुजच आहे. यावर उपाय फावड्याचा. दोन ओळींच्या मध्ये वीतभर खोल चर काढा, तो उताराकडे नेऊन अंगणाबाहेर सोडा, चरातली माती झाडांच्या बुंध्याला चढवा. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की झाडं नवी पानं काढतात. युरिया मूठ-मूठ टाकू नका, पहिल्याच सरीत वाहून शेजाऱ्याच्या शेतात जातो. उघडीप बघून चिमूट-चिमूट द्या किंवा शेणाची स्लरी पातळ करून द्या.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करून ठेवा, आणि आपल्याकडे त्यासाठी चिरे आहेतच की! जांभ्याचे चिरे एकावर एक असे दोन थर लावायचे, रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आणि महत्त्वाचं म्हणजे खालच्या थरात दर दोन-तीन चिऱ्यांमागे बोटभर फट सोडायची. सिमेंटने गच्च बंद करू नका, मग तो वाफा राहत नाही, टाकी होते. आत माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळून भरा, तुसामुळे माती घट्ट बसत नाही. जांभ्याची माती मुळात आंबट असते, म्हणून माती परीक्षण करून घ्या आणि सांगतील तेवढा चुना मे मध्येच मिसळा, पण चुना आणि शेणखत एकाच दिवशी टाकू नका, शेणखतातला नत्र उडून जातो.

आता ती दोन झाडं जी हिरवी असतानाच माना टाकून बसली. हा बहुतेक जिवाणूजन्य मर रोग आणि तो घरच्या घरी ओळखता येतो. झाडाचा बुंध्याजवळचा तुकडा धारदार सुरीने कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरून ठेवा आणि अजिबात हलवू नका. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले की समजा मर रोग आहे. यावर औषध नाही, कुणी बाटली विकत असेल तर घेऊ नका. झाड मुळासकट मातीच्या ढेकळासह काढून जाळा, सुरी-कुदळ धुवा, आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यातलं काहीच लावू नका, मका किंवा चवळी लावा. त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जात असेल तर तो रस्ता आजच तोडा कारण हा रोग पाण्यातूनही पसरतो. टोमॅटो हवाच असेल तर दुसऱ्या वाफ्यात, गणपती झाल्यावर लावा आणि 'अर्का रक्षक' सारखं मर रोगाला टिकणारं बी घ्या.

प्रश्न (संगमेश्वर): माटवावर (मांडवावर) दुधी, दोडका, पडवळ, काकडी चढवलीय. फुलं भरपूर पण फळ धरत नाही, धरलं तर बोटाएवढं होऊन पिवळं पडतं आणि गळतं, आत अळ्या. गणपतीला मूर्तीच्या वर टांगायच्या माटवीला बांधायला तरी घरचं काही मिळेल का?

उत्तर: मिळेल दादा, अजून वेळ गेलेली नाही. सुरुवातीची फुलं सगळी नर असतात, ती गळणारच, काळजी नको. फुलाच्या मागे बारकं फळ चिकटलेलं दिसतं ते मादी फूल. ते आलं की परागीभवन व्हायला हवं आणि धो धो पावसात माश्या-भुंगे फिरत नाहीत, पराग भिजून जातो. मग हे काम आपण करायचं. पण वेळ बघून! दुधी, पडवळ आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारली आणि लाल भोपळ्याची सकाळी. बरेच लोक सगळं सकाळी उरकायला जातात आणि मग म्हणतात जमत नाही. दिवेलागणीला पाऊस थांबला की दुधीचं ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, आणि पाऊस यायची लक्षणं असतील तर फुलावर कागदी पिशवी सैल बांधा, सकाळी काढा. वेल नुसताच पानांनी माजला असेल तर नत्राचं खत बंद करा आणि दुधीचा मुख्य शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

अळ्या आहेत त्या फळमाशीच्या. माशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, त्यामुळे वरून फवारून आतल्या अळीला काही होत नाही. सापळा लावा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आपल्याकडे माहितीचा आहे, पण आतली माशीला ओढणारी गोळी नीट विचारून घ्या. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू-ल्यूर. आंब्याचा उरलेला सापळा काकडीला टांगून उपयोग नाही, माशी तिकडे फिरकत नाही. सापळ्यात फक्त नर सापडतात म्हणून फुलं यायच्या आधीपासून लावायचा आणि शेजारच्या दोन-तीन घरांनीही लावला तर खरा फरक पडतो, वाडीत एकदा बोलून घ्या. गळलेली फळं रोज उचला, खतखड्ड्यात टाकू नका, तिथेच कोष होऊन नव्या माश्या निघतात. जाड पिशवीत घट्ट बांधून ठेवा नाहीतर दीड-दोन फूट खोल पुरा. नव्या कोवळ्या फळांवर लगेच कागदाची किंवा जुन्या कपड्याची पिशवी चढवलीत तर चतुर्थीपर्यंत काकडी आणि पडवळ नक्की हातात येईल.

प्रश्न (मालवण): रात्री बॅटरी घेऊन बघलंय तर सगळ्या रोपांवर मोठमोठे गोगलगायी. माठ, मुळो काय ठेवूक नाय. मीठ मारूचा काय?

उत्तर: मीठ वाफ्यात मारू नका, गोगलगाय मरेल पण माती खारट होईल. हातात मोजे किंवा पिशवी घालून रात्री वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ही मोठी आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शेकड्याने अंडी घालते, त्यामुळे चार दिवस वेचून सोडून दिलं तर परत तेच, सगळा पाऊसभर सवय ठेवा. संध्याकाळी भिजलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरा, खाली पपईची सालं ठेवा, सकाळी गोणपाट उलटलं की सगळ्या एका जागी सापडतात. राखेचे आणि चुन्याचे पट्टे आपल्या पावसात तासभरही टिकत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. दिवसा त्या लपतात कुठे ते बघा: रचून ठेवलेले चिरे, नारळाच्या सोडणांचा ढीग, कुजक्या झावळ्या. ते घरामागून हलवा. दुकानातल्या विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांनी खाल्ल्या तर जीव जातो, घरात जनावर किंवा लहान मूल असेल तर नकोतच. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, उघड्या हाताने धरू नका आणि पालेभाजी पानन् पान धुऊन नीट शिजवूनच खा, या गोगलगायींमधून मेंदूला सूज आणणारा जंत माणसाला होऊ शकतो.

माठ-मुळ्याची रोपं पावसाच्या माराने झोपत असतील तर पडवीच्या कडेला ट्रेमध्ये किंवा शेडनेटखाली वाढवा, पागोळ्या थेट पडतील तिथे मात्र नको.

प्रश्न (अलिबाग तालुका, खाडीजवळ): विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं, माती पांढरी पडते. इथे भाजी होईल का?

उत्तर: होईल, तुमच्यासाठी पाऊस औषध आहे. पहिल्या महिना-दीड महिन्याच्या पावसाने वरच्या थरातलं मीठ धुऊन खाली जातं, खारजमिनीत भात पावसाळ्यातच घेतात तो याचसाठी. उंच वाफे करा, भरतीचं पाणी येणार नाही असा बांध घाला आणि जुलैत भेंडी, माठ, मायाळू लावा. घोळ तर आपोआप येते, ती उपटून फेकू नका, छान भाजी होते. पाऊस संपला की मीठ बाष्पीभवनाबरोबर परत वर येतं म्हणून ऑक्टोबरपासून माती उघडी ठेवायची नाही, पेंढ्याचा जाड थर घाला. हिवाळ्यात पालक आणि बीट त्यातल्या त्यात खारेपणा सोसतात, घेवडा, गाजर, कांदा सोसत नाहीत. छपराचं पाणी पिंपात साठवलंत तर निदान रोपं गोड्या पाण्यावर वाढतील.

प्रश्न (चिपळूण): ऑनलाइन मागवलेलं बी उगवतं पण पावसात टिकत नाही. चांगलं बी कुठलं?

उत्तर: इथल्या हवेत निवडलेलं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि त्यांच्या जाती आपल्या पावसासाठीच काढलेल्या आहेत: कारल्यात 'कोकण तारा', दोडक्यात 'कोकण हरिता', पडवळात 'कोकण श्वेता', माठात 'कोकण दुरंगी', मिरचीत 'कोकण कीर्ती', पाऊस संपल्यावर लावायच्या वालात 'कोकण भूषण'. मे मध्ये विद्यापीठाच्या विक्री केंद्रात किंवा जवळच्या संशोधन केंद्रात चौकशी करा, जूनमध्ये गेलात तर बऱ्याचदा संपलेलं असतं.

दुसरं, वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. चिबूड, गावठी काकडी, वडीचा काळा अळू हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या परड्यात आहे आणि त्या आनंदाने देतात. हे बी वर्षानुवर्षं याच पावसात निवडलं गेलंय, ते पाकिटात मिळत नाही आणि एका घरात बंद झालं तर वाडीतून जातं, मला याची फार काळजी वाटते. म्हणून स्वतः बी धरा. पाकिटावर संकरित किंवा एफ-वन लिहिलेलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तशी फळं येत नाहीत. गावठी दोडक्याचं निरोगी वेलावरचं एक चांगलं फळ सप्टेंबरात वेलावरच वाळू द्या, देठाला रंगीत सुतळी बांधा म्हणजे घरातलं कुणी भाजीला तोडणार नाही, आणि आत बिया खुळखुळायला लागल्या की काढून चुलीच्या वर धूर लागेल असं टांगा. गॅस असेल तर बिया पूर्ण वाळवून कोरड्या राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा, झाकणावर वर्ष आणि कुणाकडून आणलं ते नाव लिहा.