आजींच्या मनगटावरचे वळ

घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सेविकांशी बोलताना एक प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो, आणि तो बहुधा वेळ संपत आल्यावर, उठता उठता विचारला जातो : "मॅडम, घरातलेच माणसाला त्रास देतात असं वाटलं तर आम्ही बोलायचं का? खोटं निघालं तर आळ आमच्यावरच येतो." पुण्यात हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका ताईंची हकिकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

ताई सकाळी 8 ते रात्री 8 या पाळीत स्मृतिभ्रंश झालेल्या, ऐंशी ओलांडलेल्या आजींकडे जात. लागोपाठ तीन सकाळी त्यांना आजींच्या दोन्ही मनगटांवर सारख्याच रुंदीचे लाल वळ दिसले आणि डायपर रात्रभर बदललेला नाही हेही उघड होते. विचारल्यावर आजी म्हणाल्या, "रात्री बांधतात गं. कुणाला सांगू नकोस, माझी शपथ आहे." ताईंनी शब्द दिला. मग मन राहवेना म्हणून वळांचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून बहिणीला पाठवला आणि चार रात्री जागून काढल्या.

वळ कशाचे आहेत हे आपणच सिद्ध केले पाहिजे आणि पुरावा हाती येईपर्यंत गप्प बसले पाहिजे, असे ताईंनी धरून चालले होते. त्यांच्या घालमेलीचे मूळ मला तेथे दिसले. सेविकेने शंका त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायची असते. ती खरी की खोटी हे ठरवणे पुढच्यांचे काम आहे. म्हातारपणी त्वचा पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटतात, त्यामुळे प्रत्येक डाग मारहाणीचा नसतो. पण दोन्ही मनगटांवर सारखे वळ आणि सोबत आजींचे शब्द, एवढे कळवायला पुरेसे होते.

कळवायचे कसे, यावर आमचा बराच वेळ गेला. बीपी, शुगर आणि शौचाची नोंद असते ती वही घरातच राहते आणि घरचे ती वाचतात, म्हणून शंका त्या वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर तारीख, वेळ, वळाची जागा आणि आजींचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, असे मी सुचवले. "सून मारते" असा निष्कर्ष त्यात नको. फोटो वरिष्ठांच्या स्वाधीन करून स्वतःच्या आणि बहिणीच्या मोबाइलमधून काढून टाकायला सांगितले. शपथेचे ओझे सर्वांत जड होते. "आजी, हे मला सांगावंच लागेल, पण कुणाला सांगते ते तुम्हाला आधी सांगेन," हे वाक्य आम्ही दोघींनी मिळून जुळवले. सुनेला जाब विचारायचा ताईंचा विचार मात्र मी मोडून काढला, कारण रात्री 8 नंतर आजी त्याच घरात एकट्या सापडणार होत्या.

आळाच्या भीतीबद्दल कायदा बराच स्पष्ट आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार स्त्रीवर अशी हिंसा होत असल्याचे वाटण्यास कारण असलेली कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकते, आणि ती सद्भावनेने दिली असेल तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. रुग्ण आजोबा असतील तर हा कायदा उपयोगी पडत नाही. मात्र ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन दोघांसाठीही आहे. जिवाला तत्काळ धोका दिसला, तर वरिष्ठांची वाट न पाहता 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

ताईंच्या संस्थेने आधी "घरगुती मामला आहे" म्हणून टाळले. ताईंनी लेखी कागद देऊन पोच मागितली, तेव्हा कोठे परिचारिका तपासणीला गेली. मुलगा रात्रपाळीला असे आणि आजी अंधारात उठून एकदा पडल्या होत्या, म्हणून सून त्यांचे हात ओढणीने पलंगाला बांधत होती. चार महिने तिला सलग झोप नव्हती. तिच्याबद्दल मला कणव वाटली, तरी बांधून ठेवणे हा छळच आहे, हे तिला स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले. डॉक्टरांच्या तपासणीत आजींना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला, रात्रीची अस्वस्थता त्याने वाढली होती. उपचार झाले, पलंग खाली घेतला, आठवड्यातून तीन रात्री दुसरी सेविका आली आणि ओढणी सुटली.

घरच्यांना ताई मात्र पुन्हा नको होत्या. नवे घर मिळेपर्यंतच्या अकरा दिवसांचा पगार संस्थेने दिला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नव्या घरी ताईंनी पहिल्याच दिवशी रुग्णाच्या अंगावर आधीपासून असलेले डाग, जखमा आणि पाठीवरचा लालसरपणा कागदावर टिपून त्यावर घरच्यांची सही घेतली, आणि मगच अंघोळीचे पाणी काढले.