गेर्लांचे ‘व्हेटिव्हेर’ की वाळ्याचे अत्तर?

वाळ्याचे अत्तर आपल्याकडे सहज मिळत असताना गेर्लां या फ्रेंच घराण्याच्या ‘व्हेटिव्हेर’ (म्हणजे वाळाच) या परफ्यूमसाठी हजारो रुपये मोजण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. मी दोन्ही वापरते आणि माझ्या मते अर्थ आहे. मात्र केवळ वाळ्याचा वास हवा असेल, तर त्यासाठी पॅरिसच्या बाटलीची मुळीच गरज नाही.

गेर्लां हे घराणे १८२८ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाले. ‘जिकी’ (१८८९) आणि ‘शालिमार’ (१९२५) ही त्यांची नावे अनेकांनी ऐकलेली असतील. ‘व्हेटिव्हेर’ हे १९५९ सालचे असून ते ज्याँ-पॉल गेर्लां यांनी अगदी तरुण वयात रचले. वाळ्याला केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हे, कारण कार्व्हें या दुसऱ्या फ्रेंच घराण्याचे त्याच नावाचे परफ्यूम १९५७ मध्येच बाजारात आलेले होते. शिवाय १९९४ पासून गेर्लांची मालकी एलव्हीएमएच या बड्या उद्योगसमूहाकडे आहे, तेव्हा जुन्या घराण्याच्या पुण्याईवर भाळून पैसे देऊ नयेत. द्यायचे तर बाटलीत जे आहे त्यासाठी द्यावेत.

बाटलीत काय आहे? फवारल्याबरोबर लिंबू आणि बर्गमॉट यांचा तजेलदार, किंचित कडवट वास येतो. लिंबूवर्गीय तेले अतिशय उडून जाणारी असल्यामुळे हा भाग फार वेळ राहत नाही, आणि दुकानात कागदी पट्टी हुंगून निर्णय घेणारे बहुतेक ग्राहक नेमके एवढ्यावरच भुलतात किंवा नाके मुरडतात. खरी गंमत त्यानंतर आहे. जायफळ आणि मिरी वर येतात, आणि इथे मराठी नाकाला थोडे चकायला होते; कारण पुरणपोळीत किंवा श्रीखंडात जायफळ नेहमी गोडाच्या सोबतीने भेटलेले असते, तर इथे ते गुळासाखरेवाचून, कोरडे आणि जरासे तिखट असे समोर येते. त्याखाली सुक्या तंबाखूच्या पानासारखा वास आणि टोंका या सुगंधी बीचा अगदी पुसट गोडवा असतो. वाळा या सगळ्यांना धरून ठेवतो. त्याच्या तेलातील घटक जड असून सावकाश उडतात, म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो आणि आपल्याबरोबर इतर हलक्या वासांनाही काही काळ रेंगाळत ठेवतो. परफ्यूम तयार करणारे वाळ्याला इतके मोल देतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

वाळ्याचे अत्तर ही वेगळी वस्तू आहे. उत्तर प्रदेशातील कनोज या अत्तरांसाठी प्रसिद्ध गावी तांब्याच्या देगेत (मोठ्या भांड्यात) वाळ्याची मुळे पाण्यासह उकळून, वाफ थंड करून जे निखळ तेल काढतात, त्याला रूह खस म्हणतात. तांब्यामुळे त्याला हिरवट झाक येते. त्याचा वास ओल्या मातीचा, मुळांचा, उन्हाळ्यात माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा असतो आणि तो तासन् तास जवळजवळ तसाच राहतो. त्यात चढउतार फारसे नाहीत, आणि ज्याला तेच हवे आहे त्याच्यासाठी त्याहून चांगले काही नाही. मात्र अस्सल रूह स्वस्त नसते, कारण मुळे तयार व्हायला वर्षाहून अधिक काळ लागतो, ती जमीन खणून काढावी लागतात आणि तेलाचा उतारा अत्यल्प असतो. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी हिरवीगार ‘खस’ ही बहुधा कृत्रिम सुगंध आणि रंग यांचे मिश्रण असते, त्यामुळे आपण तुलना करत असलेले अत्तर नेमके कोणते, हे आधी पाहावे. खसच्या सरबताच्या रंगावरून वाळ्याची पारख करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या हवेचा विचार केला, तर मुंबई-कोकणच्या दमटपणात मला ‘व्हेटिव्हेर’ गोडसर, व्हॅनिलायुक्त परफ्यूमपेक्षा कितीतरी सुसह्य वाटते. दुकानात ते पुरुषांच्या कप्प्यात ठेवलेले असते. त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. त्याची उणीव अशी की, ते ओ द त्वालेत, म्हणजे सुगंधी तेलाचे प्रमाण कमी असलेला हलका प्रकार, असल्यामुळे सकाळी लावलेले संध्याकाळपर्यंत ठळकपणे जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नये. चारचौघांत दूरवर दरवळणारा वास हवा असल्यास हे परफ्यूम आपल्यासाठी नाही.

घेण्यापूर्वी मनगटावर एक फवारा घ्यावा, मनगटे एकमेकांवर घासू नयेत आणि दुकानातून बाहेर पडावे. चार-पाच तासांनी त्वचेवर जे उरते ते आवडले, तरच बाटली घ्यावी, आणि पहिल्यांदा घेताना लहानच घ्यावी. तोवर वाळाच पुरेसा वाटला, तर कनोजच्या विश्वासू अत्तरवाल्याकडून थोडीशी रूह मागवावी. ती कानामागे लावावी, पांढऱ्या कपड्यावर नव्हे; डाग सहज जात नाही.