वाचकांचे प्रश्न : माल घटतो, मग नवे बंदर कशाला?

प्रश्न : जागतिक मालवाहतूक मंदावल्याच्या बातम्या येत असताना पालघर जिल्ह्यातील नियोजित वाढवण बंदरावर ७६,२२० कोटी रुपये खर्चणे योग्य आहे का? समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या आम्हा नागपूरकरांना त्याचा काय उपयोग?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : २००९ आणि २०२० मध्ये जगाची सागरी मालवाहतूक घटली होती, परंतु दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी ती पुन्हा वाढली, बंदर उभारायला मात्र बराच काळ लागतो आणि ते पुढील कित्येक दशके वापरले जाते, म्हणून एका वर्षाच्या घसरणीवरून त्याची गरज ठरवता येत नाही. खरा मुद्दा खोलीचा आहे. वाढवणला सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली असल्याने अजस्र कंटेनर जहाजे थेट धक्क्याला लागू शकतील आणि कोलंबोसारख्या परक्या बंदरात माल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च वाचेल. स्थानिक मच्छीमारांचा विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही, हेही नमूद करायला हवे.

नागपूरपुरते बोलायचे तर विदर्भातील सूत वा तांदूळ भरलेला कंटेनर आज नवी मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत सुमारे ८०० किलोमीटर जातो. त्यामुळे धक्क्यांइतकीच मालगाड्यांची वेळ सांभाळली गेली, तरच येथील निर्यातदाराच्या पदरात काही पडेल.