थेरिऑन विकले गेले नव्हते

तुम्ही विचारलंय की थेरिऑनसारखा स्वीडनचा पक्का डेथ मेटल बँड (जड गिटार, गुरगुरणारा आवाज) सिंफनिक (गायकवृंद आणि वाद्यवृंद घेणारा) का झाला, पैशासाठी विकले गेले का, आणि फक्त डेथ मेटल ऐकणाऱ्याने त्यांचं कुठून सुरू करावं. यातला मधला प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. हेच शब्द मी २००१ मध्ये वसईच्या एका वाडीत समोरासमोर ऐकले होते.

नाही, विकले गेले नव्हते. ज्यांना तसं वाटतं त्यांनी सुरुवातीचे अल्बम नीट ऐकलेले नाहीत. क्रिस्तोफर यॉन्सनने १९८७ मध्ये स्टॉकहोमजवळच्या उप्लांड्स व्हेस्बीत बँड सुरू केला. पहिलं नाव ब्लिट्झक्रीग, मग मेगाथेरिऑन, मग थेरिऑन. हे नाव सेल्टिक फ्रॉस्ट या स्विस मेटल बँडच्या १९८५ च्या अल्बमवरून आलं, आणि त्या अल्बममध्येच टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे) आणि फ्रेंच हॉर्न वाजतात. म्हणजे नाव घेतलं तेव्हाच रस्ता कुठे जातो ते दिसत होतं. १९९१ चा 'ऑफ डार्कनेस' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला, स्वीडिश डेथ मेटलचा तोच करवतीसारखा गिटारचा आवाज. पण पुढच्याच वर्षीच्या 'बियाँड सँक्टोरम'मध्ये कीबोर्ड आहे, बाईचा आवाज आहे, अकरा मिनिटांचं गाणं आहे. १९९३ च्या अल्बमच्या नावात 'सिंफनी' हा शब्दच आहे. १९९५ च्या 'लेपाका क्लिफोथ'वर ऑपेराचे दोन गायक आले. १९९६ चा 'थेली', ज्यात ते पुरते सिंफनिक झाले, आभाळातून पडला नाही.

आता वाडीतली गोष्ट सांगतो, कारण माझं मत तिथे तयार झालं.

मी वसईचा, घरी सगळे देवळात गाणारे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. सातवीत असल्यापासून कॉयरमध्ये होतो, आवाज फुटल्यावर टेनरमध्ये गेलो. मास्तर डो-रे-मीवर चारही आवाज (बायकांचा वरचा सोप्रानो, खालचा ऑल्टो; पुरुषांचा वरचा टेनर, खालचा बेस) वेगवेगळे बसवून घ्यायचे आणि मग नाताळच्या आधी दोन आठवडे एकत्र करायचे. चार आवाज पहिल्यांदा एकमेकांत बसतात तेव्हा अंगावर काटा येतो, तो मला आजही येतो. आणि त्याच वयात मी बेस गिटारवर डेथ मेटल वाजवत होतो. बँडमध्ये चौघं जण. गिटारिस्टच्या केळीच्या वाडीत विहिरीजवळ पंपाची पत्र्याची खोली होती, तिथे सराव चालायचा.

मामेभाऊ जहाजावर नोकरीला होता. २००१ च्या पावसाळ्यात तो हॅम्बुर्गहून 'थेली'ची सीडी घेऊन आला. त्याला मेटलमधलं काही कळत नव्हतं, मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं म्हणून आणली. तो अल्बम हॅम्बुर्गमध्येच रेकॉर्ड झालाय हे मला नंतर कळलं. पहिल्या रात्री मी तो तीनदा ऐकला. त्यात कॉयर सजावटीला नव्हता. जिथे गुरगुरणारा गायक असायचा तिथे चार आवाजांचा कॉयर उभा होता, आणि खाली गिटार तशीच जड. माझी दोन आयुष्यं पहिल्यांदा एका जागी आली होती. रविवारचं देऊळ आणि शनिवारचा सराव एकत्र.

तीन महिने खपून मी आमच्या एका गाण्याच्या मधल्या भागासाठी चार आवाजांचा दोन मिनिटांचा तुकडा लिहिला. शब्द नव्हते, नुसता 'आ'. वहीत डो-रे-मी करून मास्तरांना दाखवला. त्यांनी पेन्सिलने दोन ठिकाणी टेनर खाली आणला आणि म्हणाले, "ऑल्टो छान चाललाय. पण हे काही देवळातलं नाही रे." मला चालत होतं. मग माझी बहीण ऑल्टो, तिची मैत्रीण सोप्रानो, मामेभाऊ बेस आणि टेनर मी, असे चौघं त्या पंपाच्या खोलीत गेलो. बाहेर पाऊस, पत्र्यावर त्याचा आवाज. पहिला भाग झाला आणि गिटारिस्टने हात वर करून थांबवलं. "मिस्सा लावलीय का इथे? हे देवळातलं आहे. थेरिऑनसारखे तूही विकला गेलास."

ज्या तुकड्याला मास्तर देवळातलं नाही म्हणाले, तोच इथे देवळातला म्हणून नाकारला गेला. बहीण काही बोलली नाही, छत्री घेऊन निघाली. त्या डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, तिथे ते दुसरा बेसवाला घेऊन गेले. मला कोणी कळवलंही नाही, स्टेजवर बघून समजलं.

त्या गिटारिस्टला त्या दिवशी जे सांगता आलं नाही ते आज सांगतो. कॉयर मेटलमध्ये का बसतो, याचं कारण गिटारमध्येच आहे. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावून पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवला तर गंधार घाण करतो, सगळा गढूळ होतो. म्हणून मेटलवाले षड्ज आणि पंचम एवढेच धरतात. पण कॉर्ड उजळ की उदास हे ठरवतो गंधारच, शुद्ध की कोमल. म्हणजे गिटारच्या भिंतीत एक जागा कायम रिकामी असते. यॉन्सनने ती जागा माणसांच्या आवाजांना दिली. त्यात बनावट काय आहे?

दुसरी गोष्ट वेगाची. तीस-चाळीस जणांच्या तोंडचं 'त' किंवा 'क' एकाच क्षणी पडत नाही, त्यात खोलीचा घुमारा. ब्लास्ट बीटवर (ड्रमच्या अतिवेगवान ठेक्यावर) कॉयर गाऊ द्या, शब्दांचा लगदा होतो. म्हणून 'थेली'पासून लय उतरली, रिफ (गिटारचे पुन्हापुन्हा येणारे तुकडे) साधे झाले, सूर लांबले. लोक याला आळस म्हणतात. हा आळस नाही. गाणाऱ्यांना जागा करून देण्यासाठी वाजवणाऱ्याने मागे सरणं आहे, आणि स्वतःचा आवाज बाजूला ठेवायला लागतो ते वेगळंच. यॉन्सन स्वतः गायचा. 'थेली'नंतर त्याने आपलं गाणं जवळजवळ सोडलंच. स्वतःच्या बँडमध्ये स्वतःचा आवाज कमी करणारा माणूस लालची असतो का?

आणि पैशाचं म्हणाल तर १९९६ मध्ये विकायचं कोणाला होतं? पुढे सिंफनिक मेटलमध्ये गाजलेला नाइटविश बँड त्याच वर्षी सुरू झाला, त्यांचा पहिला अल्बम १९९७ चा, विदिन टेम्प्टेशनचाही १९९७ चा. सिंफनिक मेटलचा बाजारच नव्हता. स्वस्तातलं करायचं असतं तर कीबोर्डवरचं कॉयरचं बटण दाबून भागलं असतं. त्यांनी खरी माणसं आणून गाऊन घेतली. 'थेली' आणि त्यानंतरचा १९९८ चा 'व्होविन' खपले, हे खरं. पण खपणं म्हणजे विकलं जाणं नव्हे, हा फरक त्या गिटारिस्टला अजून कळत नाही. २००४ मध्ये प्रागचा फिलहार्मोनिक वाद्यवृंद घेऊन 'लेमुरिया' आणि 'सिरियस बी' हे दोन अल्बम एकदम काढले. 'सिरियस बी'वर 'कलियुग' नावाची दोन गाणी आहेत, तिसरा भाग २०१० च्या 'सित्रा आख्रा'वर आला. २०१२ मध्ये जुन्या फ्रेंच गाण्यांचा अल्बम काढायचं ठरलं, तेव्हा रेकॉर्ड कंपनी मागे हटली, तर यॉन्सनने पैसे उभे करून स्वतः काढला. २०१८ मध्ये रशियन तत्त्वज्ञ सोलोव्योव्हच्या लेखनावर बेतलेला तीन सीडींचा, तीन तासांहून लांब ऑपेरा. हे बाजार बघून चालणाऱ्या माणसाचे निर्णय नाहीत.

काही गोष्टी मान्यही करायला हव्यात. 'थेली'वरचा कॉयर खरा असला तरी वाद्यवृंद बराचसा कीबोर्डचा आहे, आणि आज ऐकताना ते जाणवतं. तो तीन तासांचा ऑपेरा मला दोनदाही पुरता ऐकवला नाही. २०२१ ते २०२३ मधले 'लेवायथन'चे तिन्ही भाग चाहत्यांना हवं तेच देण्यासाठी केले, हे बँडने उघड सांगितलं होतं. तिथे तुमच्या प्रश्नाला थोडा अर्थ आहे, पण तोवर ते पंचवीस वर्षं मनासारखं वाजवून बसले होते. गीतांमधला गूढविद्येचा भाग, ड्रॅगन रूज ही गूढविद्येची संघटना वगैरे, मला पटत नाही. माझा विश्वास वेगळा आहे. ऐकतो ते आवाजांसाठी.

कुठून सुरू करावं? तुम्ही डेथ मेटलवाले आहात, तर 'बियाँड सँक्टोरम' आधी, मग 'लेपाका क्लिफोथ', मग 'थेली'. 'व्होविन' सहा महिने लांब ठेवा. थेट त्यावर उडी घेतलीत तर तुम्हीही तेच म्हणाल जे तो गिटारिस्ट म्हणाला. कॉयर येईल तेव्हा सोप्रानोच्या मागे जाऊ नका, तिच्या खालचा ऑल्टो शोधा. सापडायला वेळ लागतो. तुमचा एखादा मित्र पंपाच्या खोलीत कोणाला गायला घेऊन आला, तर निदान गाणं पुरं होऊ द्या. आमचं पुरं झालं नाही. वही माझ्याकडे आहे, मास्तरांच्या पेन्सिलच्या दोन खुणांसकट. गेल्या नाताळात बहिणीने विचारलं, आपण पुन्हा कधी गाणार ते. सोप्रानो आता दुबईला असते, तिला वहीचे फोटो पाठवलेत.