सोयाबीन कच्चं आहे का ते आधी बघा

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. शेततळ्यात पंगस मासा, फिशमील (सुक्या माशांची भुकटी) परवडेना म्हणून घरचं सोयाबीन चक्कीवर दळून गोळ्यांत घातलं, खाद्य रोज संपतंय आणि चार महिन्यांत वजन हलत नाही. हुबेहूब माझी गोष्ट. मीही भाव पडला म्हणून सोयाबीन विकलं नव्हतं.

जाळं टाकलं तेव्हा हातात आलेला मासा अजून आठवतो. डोकं मोठं, पाठ सुरीसारखी, बोट फिरवलं की मणके लागायचे. मेलेला एकही नाही, त्यामुळे रोग म्हणावा तर तोही नाही. गोळ्यांचा नमुना घेऊन मी एका कार्यालयाच्या प्रयोगशाळेत दोनदा गेलो. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: "प्रथिनं बरोबर आहेत, पाणी तपासा." मी पाणी तपासलं, चुना मारला, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) वाढवला. हंगाम गेला. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारा पाचक रस) रोखणारे घटक असतात, त्यामुळे पोटात गेलेली प्रथिनं नीट पचत नाहीत, हे तिथे कुणीच बोललं नाही. प्रथिनांची चाचणी फक्त नायट्रोजन मोजते, माशाच्या अंगी काय लागतं ते तिला कळत नाही. चार ओळी सांगितल्या असत्या तर माझे पाच महिने वाचले असते. याचा राग अजून जात नाही.

मी कढईत भाजलंही होतं. वरून काळं, आत कच्चं. आता रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण तास उकळतो, वाळवतो, मग दळतो. कारखान्याच्या तरंगत्या गोळ्या एक्स्ट्रूडरमध्ये (दाबाखाली गोळ्या बनवणाऱ्या यंत्रात) उष्णतेतून जातात, आपल्या खिमा मशीनच्या गोळ्या जात नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. जास्त करपवलंत तर लायसिन (प्रथिनातला गरजेचा घटक) जातं, तेही नुकसानच.

घरची परीक्षा: चमचाभर सोयापीठ, अर्धा चमचा युरिया, कोमट पाणी, बाटलीला घट्ट झाकण. वीस मिनिटांनी उघडा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर पीठ कच्चं. ते मिश्रण माशांना घालू नका, फेकून द्या.

फिशमील पूर्ण काढू नका, हे माझं ठाम मत. थोडं ठेवलं की चव राहते आणि मासा धावून येतो. पण भाव आपल्या हातात नाहीत हेही खरं. फिशमील ज्या अँचोव्ही माशापासून बनतं, त्याच्या मासेमारीचा पहिला हंगामच पेरू देशाने 2023 मध्ये रद्द केला होता. सोयात मेथिओनिन (लायसिनसारखाच प्रथिनातला घटक) कमी असतं आणि त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये, म्हणजे माशाला न पचणाऱ्या रूपात, अडकलेला असतो, म्हणून मिनरल मिक्स्चर आणि मेथिओनिन मोजून घालावं लागतं. शेंगदाणा पेंड मिसळणार असाल तर बुरशीचा वास असलेली पोती परत पाठवा, त्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, मी वापरतच नाही.

हे पंगसवरून सांगतोय. कोळंबीवाल्यांनी यावर जाऊ नये. रोहू-कटला तर पूर्वीपासून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंडीवर वाढत आलेत, त्यांचं गणित सोपं.

आज बाटलीची परीक्षा करा आणि वास आला का ते इथेच लिहा. आला असेल तर लगेच खाद्य बदला, नमुना घेऊन कुठे धावू नका.