आजीची वऱ्हाडी आणि उन्हाळ्यातले संशोधन

प्रिय विद्यार्थिनीस,

सस्नेह नमस्कार.

अमरावतीच्या महाविद्यालयात तू संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सीजीपीए ७.४ आहे आणि येत्या उन्हाळ्यात ‘जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता’ (म्हणजे कुणावर अन्याय न करणारी, विश्वासार्ह यंत्रे कशी घडवायची) या विषयावर एखाद्या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करण्याची तुझी इच्छा आहे. साठ प्राध्यापकांना ईमेल पाठवूनही एकाचे उत्तर आले नाही आणि ‘ही नुसती नीतिमत्तेची चर्चा आहे, त्यापेक्षा पगारी इंटर्नशिप कर’ असे बाबांचे म्हणणे आहे, असे तू लिहितेस. पत्राच्या शेवटी मात्र तू जाता जाता लिहिले आहेस, की आजी वऱ्हाडीत बोलली की फोनवरचे बोललेले टिपून घेणारे साधन भलतेच काहीतरी लिहिते. तुझ्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे, आणि सोबत जोडलेल्या ईमेलमध्ये ते कुठेच नाही याचे मला वाईट वाटले.

बाबांच्या आक्षेपापासून सुरुवात करते. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणाली, म्हणजे बोललेले ऐकून लिहून काढणारी साधने, तपासल्या. शंभर शब्दांमागे गोऱ्या अमेरिकी भाषकांच्या बाबतीत सरासरी १९ चुका होत होत्या, तर कृष्णवर्णीय भाषकांच्या बाबतीत ३५. दोन्ही गटांतल्या माणसांनी उच्चारलेली तीच ती वाक्ये घेतली तरी ही तफावत टिकून राहिली, आणि त्यावरून दोष व्याकरण जाणणाऱ्या भागात नसून ध्वनी ओळखणाऱ्या भागात आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ही चर्चा नव्हे, हे मोजमाप आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग लागते, संख्याशास्त्र लागते आणि आपलेच उत्तर खोटे ठरवून पाहण्याची तयारी लागते. बाबांना हे उदाहरण जरूर सांग.

आता तुझ्या आजीच्या बोलण्याकडे वळू. प्रणालीने बदललेले, गाळलेले आणि पदरचे घातलेले शब्द मोजायचे आणि त्यांच्या बेरजेला मूळ शब्दसंख्येने भागायचे, ही चुकांचे प्रमाण काढण्याची रूढ रीत आहे. ऐकायला ती सोपी वाटते; पण आजी ‘डोया’ म्हणाली आणि यंत्राने ‘डोळा’ लिहिले, तर ती चूक धरायची का? ‘मले’ऐवजी ‘मला’ आले तर? अर्ज भरण्यासाठी बोलणाऱ्याला कदाचित ‘मला’च हवे असेल, आजीच्या आठवणी जशाच्या तशा जतन करू पाहणाऱ्या नातीला ते चालणार नाही. म्हणजे ‘अचूक’ कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना बोलणाऱ्यांनाच विचारावे लागते. जबाबदारीचा प्रश्न इथे उभा राहतो, आणि तो सूत्राच्या आतच असतो, बाहेरून चिकटवलेला नसतो.

शिवाय आजीचे वय, फोनचा मायक्रोफोन, घरातल्या पंख्याचा आवाज यांमुळेही चुका वाढतात. तो दोष बोलीच्या माथी मारला तर निष्कर्ष कोसळेल. म्हणून त्याच वयाच्या, त्याच फोनवर, तशाच खोलीत प्रमाण मराठी बोलणाऱ्या व्यक्तींचे ध्वनिमुद्रणही हवे. आवाज ही व्यक्तिगत माहिती आहे. त्यामुळे प्रत्येकीला काय मुद्रित होणार, ते कोण ऐकणार आणि नंतर नको वाटल्यास ते कसे काढून टाकता येईल हे तिच्या भाषेत समजावून संमती घ्यावी लागेल, मग ती तुझी सख्खी आजी का असेना.

मार्गदर्शक लागतात ते नेमके यासाठी. कोड लिहून देणे हे त्यांचे काम नाही. तू महिन्याभराच्या कामाचा आराखडा मांडलास की त्यातली फट ते पहिल्या आठवड्यात दाखवतात, आणि आठ आठवड्यांत न मावणारा प्रश्न मावेल एवढा लहान करून देतात. आयआयटी मद्रासमध्ये २०२३ पासून जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र केंद्र आहे आणि भारतीय भाषांची खुली मॉडेल्स तयार करणारा ‘एआय४भारत’ हा गटही तिथेच आहे. आयआयटी मद्रासची स्वतःची उन्हाळी फेलोशिप असते. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात, म्हणून उन्हाळ्याची वाट पाहू नकोस. बोलींविषयी वाचायचे असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण आधी पाहा. संगणकवाल्यांचे तिकडे फारसे लक्ष जात नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते.

तुझा ईमेल मी दोनदा वाचला. ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ हे शब्द साठ जणांना गेले आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळते. आता सहा जणच निवड. प्रत्येकाचा एक शोधनिबंध नीट वाच, त्यातला तुला न पटलेला किंवा न समजलेला एक मुद्दा लिही आणि त्याखाली आजीचा प्रश्न चार ओळींत मांड. त्याआधी दोन-तीन घरांतून संमतीने पन्नास वाक्ये मुद्रित करून, ‘व्हिस्पर’सारख्या, बोललेले लिहून काढणाऱ्या मोफत मॉडेलवर चालवून, चुकांचा तक्ता कर. ७.४ हा आकडा काही दारे बंद करील, हे मी लपवणार नाही. पण असा तक्ता जोडलेला ईमेल प्राध्यापक उघडून पाहतात. पैसे घेऊन ‘संशोधन इंटर्नशिप’चे प्रमाणपत्र किंवा छापील निबंध देऊ करणाऱ्यांच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नकोस.

पैशाविषयी बाबांची काळजी रास्त आहे. अकादम्यांच्या फेलोशिपमध्ये विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो, तरी कंपनीतल्या पगाराची बरोबरी होत नाही आणि नोकरीची हमी तर कोणीच देत नाही. घराला या उन्हाळ्यात तुझ्या कमाईची खरोखर गरज असेल, तर इंटर्नशिप घे आणि हेच काम आपल्याच महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून कर. त्यात कमीपणा मानू नकोस. गरज नसेल, तर फेलोशिपच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला तुझ्या महाविद्यालयातल्या सरांकडे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जा, आणि जाताना तो पन्नास वाक्यांचा तक्ता सोबत ने.