समुद्रावरचं रीळ नागपूरपर्यंत नीट यावं म्हणून

भाऊ, आपल्या तलावांवरचं मासेमारीचं रीळ (गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र) समुद्रावर चालतं, पण टिकत नाही. नवीन घेताना बेअरिंगं मोजत बसू नका. बॉडी धातूची आहे का आणि ड्रॅगला, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी आवरणाऱ्या ब्रेकला, पाणी अडवणारं सील आहे का, ते बघा. किनाऱ्यावरून गळ टाकायला ४००० ते ५००० नंबरची रिळाची साइज पुरते.

मालवणहून निघताना मी एकदा रीळ न धुताच बॅगेत टाकलं. नागपूरला उघडलं तर लाइन रोलर (दोरी जिच्यावरून सरकते ती छोटी चाकी) जाम, कडेनं मिठाचा पांढरा थर. फार जीव हळहळला. तेव्हापासून मुक्कामावरच धुतो: ड्रॅग घट्ट करायचा आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची. बादलीत बुडवू नका, बाहेरचं मीठ पाण्यासोबत आत शिरतं. वाळल्यावर ड्रॅग सैल करा, रोलरला तेलाचा एकच थेंब द्या.